हात सैल सोडा, ताई

मैत्रिणींनो, या सदराला येणारी पत्रं बहुधा ठरावीक असतात. थंडीत इडलीचं पीठ का फुगत नाही, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा काढायचा, नव्या सुनेने स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलल्या तर बोलावं की गप्प राहावं. पण मध्यंतरी सातारा जिल्ह्यातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आणि ते वाचता वाचता माझा चहा निवून गेला.

बाईंचं वय ४१. धाकट्या मुलीला घोडेस्वारीच्या वर्गाला घातलं. तिला सोडा-आणायला जाता जाता सहा महिने बाकावर बसून काढले, आणि एक दिवस शिकवणारे म्हणाले, “तुम्हीच का नाही बसत?” बसल्या. घरात आधी हसू झालं, मग सगळ्यांना सवय झाली. आता चौथा महिना चालू आहे. घोडा मान वर फेकतो, तोंड उघडतो, मध्येच पळत सुटतो. शिकवणारे मैदानाच्या मधून ओरडतात, “हात हलके! हात हलके!” बाई विचारतात, “ताई, हात हलका करायचा म्हणजे नक्की काय करायचं? लगाम सोडून देऊ? मग तो थांबणार कसा? आमचे ‘हे’ म्हणतात, घोडा आवरायला मनगटात जोर लागतो, ते बायकांचं काम नाही.”

आणि पत्राच्या अगदी शेवटी, समासात, बारीक अक्षरात लिहिलंय: “गेल्या रविवारी लगाम उतरवताना तोंडातल्या लोखंडी कडीला रक्त लागलेलं दिसलं. मी ते रुमालाने पुसून टाकलं. कोणाला सांगितलं नाही. हे शिकणं सोडून द्यावं का?”

जुन्या वाचकांना ठाऊक आहे, मी स्वतः ४७ व्या वर्षी घोड्यावर बसायला शिकले. कोल्हापुरात कावळा नाक्यावरचा ताराराणींचा अश्वारूढ पुतळा बघत लहानाची मोठी झालेली मी. जन्मात एकदा तरी बसायचं, हे मनात होतंच. त्या शिकण्याच्या गमती मी याच पानावर लिहिल्या. रिकिबीत पाय अडकून झालेली फजिती, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना निघालेली बोंब, सगळं लिहिलं. एक गोष्ट मात्र लिहिली नव्हती. रक्त मीही पाहिलं होतं, आणि मीही ते पुसलं होतं.

म्हणून सगळ्यांत आधी त्या रक्ताबद्दल. साताऱ्याच्या बाईंना मी पोस्टाने लगेच कळवलं आहे, अंक निघेपर्यंत थांबण्यासारखी ती बाब नव्हती. इथे बाकीच्यांसाठी लिहिते. शिकवणाऱ्यांना त्याच दिवशी सांगायचं. लपवायचं नाही. घोड्याचं तोंड उघडून ओठांचे कोपरे, जीभ, हिरड्या बघायला लावायच्या. दोष दर वेळी हाताचाच असतो असंही नाही, बरं का. कडी मापाला लहान असेल, झिजून तिला कुठे धार आली असेल. घोड्याचे दात वर्षानुवर्षं वर येत राहतात, चघळून चघळून दाढांच्या कडा धारदार होतात आणि त्या गालाला, जिभेला लागतात. जनावरांचे डॉक्टर त्या कानशीने घासून देतात. काही घोड्यांना दाढांच्या पुढे एक बारीकसा जादा दात असतो, तोही कडी लागून ठणकतो. हे डॉक्टरांनी पाहायचं. जखम भरून येईपर्यंत त्या तोंडात लोखंड जाता कामा नये. आणि शिकवणारे ‘एवढं तेवढं चालायचंच’ म्हणून तोच घोडा पुन्हा खोगीर घालून उभा करणार असतील, तर बाई, वर्ग बदला. शिकणं मात्र सोडू नका.

आता माझी हकिगत सांगते. मला शिकायला दिलेल्या घोडीचं नाव होतं बिजली. चाल म्हणाल तर उसाच्या बैलगाडीची. तिसऱ्या महिन्यात एकदा कुंपणावर टाकलेली ताडपत्री वाऱ्याने फडफडली आणि ही दोन उड्या मारून बाजूला झाली. एवढंच. मी पडलेसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून मी लगामाला लोंबकळायला लागले. मला वाटायचं, मी नुसता धरलाय. बिजली मान वर करून चालायला लागली. मी लगाम घेऊन जवळ गेले की तोंड फिरवायची. मी म्हणायची, काय मेले नखरे!

एका सकाळी तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला रक्त दिसलं. पदर नव्हता, ओढणी होती, तिच्या टोकाने पुसलं. आमच्या मोतद्दाराने ते पाहिलं. मोठा शांत माणूस. त्याने लगाम धुतला, कडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “बाई, ही तुमच्या नडगीवर आडवी ठेवा आणि दोन्ही हातांनी दाबा.”

तुम्हीही करून बघा. कडी कशाला, लाटणं घ्या. नडगीच्या हाडावर आडवं ठेवा आणि दाबा. कळ थेट डोक्यात जाते की नाही? घोड्याच्या तोंडात पुढे कापायचे दात असतात, मागे दाढा, आणि मध्ये बरीच मोकळी जागा. कडी त्या मोकळ्या जागेत बसते, थोडी जिभेवर, थोडी जबड्याच्या हाडावर. त्या हाडाला मांसाची गादी नाही, वर नुसती पातळ त्वचा. नडगीसारखंच. जो प्राणी पाठीवर माशी बसली तरी नेमकी तेवढीच कातडी थरथरवतो, त्याच्या तोंडात आपण हे लोखंड देतो आणि दोन्ही टोकं आपल्या हातात घेतो.

मग पुढचं सगळं आपसूक घडतं. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. तोंडात दुखलं की तो त्या दुखण्यापासून पळू बघतो. मान वर फेकून बघतो, तोंड उघडून बघतो, नाही जमलं तर पाय उचलतो. आपण घाबरतो आणि आणखी ओढतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं घोडा मस्तवाल आहे. साताऱ्याच्या बाईंचा घोडा बहुतेक हेच सांगतोय.

आता हात जड का होतो? मनगटात जोर असतो म्हणून नव्हे. तोल जातो म्हणून. भीती वाटली की आपण पुढे वाकतो, गुडघे आवळतो, श्वास धरतो आणि मुठी मिटतो. बसमध्ये ड्रायव्हरने ब्रेक मारला की पुढचा दांडा धरतो ना, तसा लगाम धरतो. फरक इतकाच की हा दांडा कोणाच्या तरी तोंडात आहे. म्हणून मैदानाच्या मधून नुसतं “हात हलके!” ओरडणाऱ्यांवर माझा राग आहे. नव्या नवरीला ‘मीठ अंदाजाने घाल’ सांगण्यासारखंच ते. खरं असतं, पण उपयोग शून्य. मांड पक्की झाल्याशिवाय हात मोकळा होत नाही. तेव्हा काम आधी कमरेखाली करायचं.

त्याची रीत अशी. घोड्याला लांब दोर लावून शिकवणारे मध्ये उभे राहतात आणि तो त्यांच्याभोवती गोल फिरतो. लगाम त्यांनी बांधून ठेवायचा, तुमच्या हाती द्यायचाच नाही. आधी एक हात खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर, मग दोन्ही हात मांडीवर, मग आडवे पसरून. मग रिकिबीतून पाय काढून. पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. मला दीड महिना हेच करायला लावलं. माझ्यानंतर आलेली कॉलेजातली पोरं मैदानभर दौडत होती आणि मी जत्रेतल्या चक्रासारखी गोल गोल. लाज वाटली, खोटं कशाला सांगू. पण हातात काहीच नसताना आपण पडत नाही, हे अंगाला एकदा कळावं लागतं. जखम भरेपर्यंत तुमच्या घोड्याला कडीऐवजी नुसती म्होरकी घालूनही हे चालेल, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि दोर शिकवणाऱ्यांच्या हातात असला तर. आणि गोल फिरताना गाणं म्हणा. थट्टा नव्हे. गाताना श्वास धरता येत नाही, आणि श्वास सुटला की खांदे आपोआप खाली येतात.

तरीही माझे हात काही सुटेनात. एक दिवस मोतद्दारच म्हणाला, “बाई, बांगड्या भरताना सोडता तसा हात सोडा.” त्याची आई गावात बांगड्या भरायची. मला ती खूण बरोबर पटली. आठवून बघा, कासार मापाला जरा घट्ट बांगडी चढवतो, आपण हात आवळलेला असतो, आणि तो म्हणतो, “हात सैल सोडा, ताई.” आपण म्हणतो, “सोडलाय की!” सोडलेला नसतोच. बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडली की मग कळतं. तो मनगट धरून जरा हलवतो, आणि मग एकदम हात त्याच्याकडे जातो. लगाम धरलेला असताना तसा हात सोडायचा, बोटं न उघडता. मी घोड्यावर बसल्या बसल्या मनातल्या मनात कासाराला बोलवायची.

धरायचं कसं तेही सांगते. अंगठा वर, आणि अंगठा व पहिलं बोट यांच्या चिमटीत लगाम, म्हणजे तो घसरत नाही. बाकीची बोटं मिटलेली, पण आवळलेली नाहीत. कोपर अंगालगत लोंबतं ठेवायचं आणि वाकलेलं. बाजूने कोणी पाहिलं तर कोपर, मनगट, लगाम आणि घोड्याचं तोंड एका रेषेत दिसावं. हात मांडीवर टेकवून ठेवलात तर ती रेष मोडते.

लगाम लांब सोडून देणं म्हणजे हलका हात नव्हे, हे मात्र नीट लक्षात घ्या. ढिला लगाम लोंबतो, आणि आपण दचकलो की एकदम हिसका बसतो. त्यापेक्षा सारखा, मऊ, बारीकसा ताण घोड्याला बरा वाटतो. साध्या चालीत घोड्याची मान प्रत्येक पावलाला पुढे-मागे होते, तिच्याबरोबर हात जाऊ द्यायचे. दुडक्या चालीत मान स्थिर राहते आणि उडतो आपण. तिथे खोगिरावर उठत-बसत असताना हात जागच्या जागी राहायला हवेत, म्हणजे कोपराची बिजागरी सतत उघडमीट करायला हवी. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे घेऊन गेला होतात ना? तेव्हा कोपरं ताठ ठेवली असती तर सगळा चहा बशीत आला असता. आपल्याला येतं ते. फक्त ते घोड्यावर आठवायचं.

आणि थांबवायचं कसं? बाईंचा खरा प्रश्न तोच आहे. आधी खोगिरात जड होऊन बसा. श्वास सोडा. मग बोटं मिटा, ओला स्पंज पिळावा इतकीच. घोड्याने पाऊल जरा जरी आखडतं घेतलं की त्याच क्षणी बोटं मोकळी करा. तो शिकतो तो या मोकळं करण्यातून. थांबला तरी तुम्ही धरूनच ठेवलंत, तर त्याच्या दृष्टीने थांबूनही काही उपयोग झाला नाही; पुढच्या वेळी तो का थांबेल? ही काही आजची विद्या नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. घोड्याने ऐकलं की हाताने लगेच सैल सोडावं, हे त्यात आहे.

भीतीचा झटका येणारच. त्यासाठी घोड्याच्या गळ्यात एक पट्टा बांधून मागा. दचकलात की लगाम न ओढता तो पट्टा धरायचा. पट्टा नसेल तर आयाळ धरा. यात कमीपणा काही नाही. मी अजून पट्टा बांधते.

घरी करायचा एक सराव सांगते. चार हात दोरी घ्या. एकाने डोळे मिटून दोन्ही टोकं धरायची, तो घोडा. मागे उभं राहून दुसऱ्याने मधला भाग लगामासारखा धरायचा, आणि न बोलता डावीकडे, उजवीकडे, थांब असं सांगायचं. ‘ह्यां’ना घोडा करून बघा, मनगटातल्या जोराची चर्चा तिथेच मिटेल. आमच्या घरी ‘ह्यां’ना वेळ नव्हता, म्हणून सासूबाई घोडा झाल्या. वय ७८, माहेर शेतकऱ्याचं, लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून बैलगाडी हाकलेली. दोन मिनिटांत डोळे उघडून म्हणाल्या, “अगं, मी वळले तरी तू ओढतेच आहेस. वळल्यावर कासरा सोडायचा असतो. बैलालासुद्धा कळायला हवं ना की झालं म्हणून!” मग त्यांनी दोरी घेतली आणि मला घोडा केलं. काय सांगू, त्यांचा हात मला जाणवतच नव्हता, आणि तरी कुठे वळायचं ते कळत होतं. वीस वर्षं एका घरात राहून सासूबाईंना हे येतं याचा मला पत्ता नव्हता.

आता त्या जोराबद्दल. घोड्याचं वजन चार-पाचशे किलो. बाईचं साठ, बुवाचं सत्तर. दहा किलोंच्या जोरावर कोण कोणाला आवरणार? डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली, पोटात मूल असताना, पोलिओ झाला. मुलगी सुखरूप झाली, पण गुडघ्याखाली पायांतली ताकद कायमची गेली. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या प्रकारात, म्हणजे घोड्याला बारीक इशाऱ्यांवर वेगवेगळ्या चाली करायला लावण्याच्या स्पर्धेत, बायकांना पहिल्यांदाच प्रवेश मिळाला, आणि या बाईंनी पुरुषांबरोबर उतरून ज्युबिली नावाच्या घोडीवर रौप्यपदक मिळवलं. १९५६ साली पुन्हा. आपल्याकडचं सांगायचं तर २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ इथे झालेल्या आशियाई स्पर्धांत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकलं, त्या चौघांत सुदिप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह या दोन मुली होत्या. ही कात्रणं ‘ह्यां’च्या उशाशी ठेवायला हरकत नाही.

किरकोळ पण महत्त्वाचं: हनुवटीखाली पट्टा असलेली कडक टोपी हवीच. पायात थोडी टाच असलेला बूट, चप्पल मुळीच नाही. काचेच्या बांगड्या आणि अंगठ्या घरी ठेवा, मंगळसूत्र कुर्त्याच्या आत. हातमोजे सुती चालतात. घामेजल्या हातातून लगाम निसटतो म्हणूनही आपण तो आवळतो.

आणि ज्यांना शिकायचं नाही त्यांच्यासाठी एक विनंती. महाबळेश्वर, माथेरानला गेलात की मुलांना घोड्यावर बसवताच. बसवण्याआधी घोड्याच्या ओठांचे कोपरे बघा. काटे किंवा टोकं असलेली कडी वापरायला १९६५ च्या केंद्राच्या नियमांनुसार बंदी आहे. गुळगुळीत, मध्ये सांधा असलेली साधी कडी असेल आणि तोंड स्वच्छ असेल, तर त्याच घोड्यावर बसवा आणि घोडेवाल्याला तसं सांगा, चार पैसे जास्त द्या. तोंड फाटलेलं दिसलं तर पुढच्या घोडेवाल्याकडे जा. मुलाच्या हातात लगाम देऊन ‘ओढ, ओढ’ म्हणत फोटो काढू नका.

बिजली आता म्हातारी झाली, तिच्यावर कोणाला बसवत नाहीत. लहान मुलं तिच्या अंगावर खरारा फिरवायला शिकतात. जिथे जखम भरून येते तिथे घोड्याला पुष्कळदा पांढरे केस येतात. तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला तसा तांदळाएवढा ठिपका आहे. मी गूळ घेऊन जाते तेव्हा ती तोंड फिरवत नाही.

साताऱ्याच्या बाईंचं दुसरं पत्र कालच आलं. डॉक्टर येऊन गेले, दाढ घासली, दहा दिवस कडी बंद. बाई दोरावर गोल फिरताहेत आणि मुलगी बाकावर बसून हसतेय. तुमच्यापैकी आणखी कोणी शिकत असाल तर जरूर कळवा, पत्ता नेहमीचाच. पुढच्या आठवड्यात लोणच्याच्या बरण्यांना येणाऱ्या बुरशीबद्दल लिहीन, त्याची अकरा पत्रं साठली आहेत.